कारणाच्या रकान्यात काय लिहिलंत?

वह्या मिटा. आज भूमिती राहू दे.

पूर्वपरीक्षा संपल्यावर मी प्रत्येकाला एक कागद दिला होता. त्यावर तीन रकाने होते. अकरावीला काय घेणार, कोणता विषय सोडणार, आणि कारण. पहिले दोन तुम्ही झटक्यात भरलेत. तिसरा रकाना काल रात्री वाचत बसले आणि माझं डोकंच फिरलं. "स्कोअरिंग आहे." "सगळे मित्र सायन्सला चाललेत." "पप्पा म्हणाले." "मॅथ्स नको." "ताईच्या नोट्स घरात आहेत." एकाने तर नुसतं "असंच" लिहिलंय आणि त्याखाली पालकांची सहीसुद्धा आणलीय. म्हणजे घरातल्या मोठ्या माणसानेही ते "असंच" वाचलं आणि सही ठोकून दिली.

हसू नका. यात हसण्यासारखं काही नाही.

याच मुंबई इलाख्यात एका शाळकरी मुलाला संस्कृत शिकायचं होतं. तो ज्या जातीत जन्मला त्या जातीच्या मुलाला संस्कृत शिकवणार नाही, असं त्याला सांगण्यात आलं. त्याला फारसी घ्यावी लागली. 1907 साली तो मॅट्रिक झाला, आणि पुढे संस्कृत स्वतःच्या हिमतीवर शिकला. बाबासाहेब आंबेडकरांबद्दल बोलतेय मी. फार मागे जायला नको असेल तर खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे एनडीए, घ्या. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश देईपर्यंत मुलींना तिच्या प्रवेशपरीक्षेला बसताच येत नव्हतं. मुलींची पहिली तुकडी तिथून बाहेर पडली ती मे 2025 मध्ये. हवा तो विषय, हवी ती परीक्षा निवडता यावी म्हणून माणसं अशी झगडली आहेत. तुम्हाला आज कुणी अडवलेलं नाही. समोर पन्नास विषयांची यादी आहे, आणि तुम्ही कारण लिहिता "असंच"! मला याचा संताप येतो, आणि तो यावाच.

आता त्या "स्कोअरिंग"बद्दल. हा शब्द निम्म्या वर्गाने लिहिला आहे, म्हणून जरा सविस्तर बोलते.

गेल्या वर्षीची एक गुणपत्रिका फळ्यावर लिहिते, नाव लिहीत नाही. मराठी 88, संस्कृत 98, इंग्रजी 86, विज्ञान 84, सामाजिक शास्त्रे 94, गणित 58. आपल्या बोर्डात बेस्ट ऑफ फाइव्ह आहे. सहा विषयांतले सर्वांत चांगले पाच धरायचे. म्हणजे गणित गळालं. उरले 500 पैकी 450. नव्वद टक्के! गल्लीत पेढे वाटले, चौकात फलक लागला, आणि नव्वद टक्केवालं पोर सायन्सलाच जाणार म्हणून त्याला सायन्सला घातलं. त्या 58 कडे घरात कुणी पाहिलंच नाही. त्यातले अंतर्गत मूल्यमापनाचे 19 बाजूला काढा. राहिले 80 पैकी 39. बीजगणित आणि भूमिती मिळून लेखी परीक्षेत त्याला निम्मंसुद्धा आलेलं नव्हतं. आणि घेतलं काय, तर इंजिनिअरिंगसाठी फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. एमएचटी-सीईटी 200 गुणांची, त्यातले 100 गणिताचे. फिजिक्सचे 50, केमिस्ट्रीचे 50. ज्या विषयाने दहावीच्या टक्क्यांतून अंग काढून घेतलं, तोच विषय दोन वर्षांनी निम्मा पेपर होऊन समोर उभा राहणार. अकरावीच्या दिवाळीपर्यंत त्या पोराचा चेहरा उतरला होता. दोष त्याच्या डोक्याचा नव्हता. आपल्या गुणपत्रिकेत काय लिहिलंय ते घरातल्या एकानेही धड वाचलं नव्हतं.

तेव्हा टक्केवारी मला सांगू नका. ती कॉलेज मिळवायला लागते, तेवढंच तिचं काम. विषय निवडताना गुणपत्रिका विषयवार वाचायची, अंतर्गत गुण वजा करून वाचायची, आणि लेखी उत्तरपत्रिकेत कुठल्या प्रश्नाला हात थरथरला हे स्वतःला विचारायचं. ते तुमच्याशिवाय कुणालाही माहीत नाही, मलाही नाही.

याच्या उलटं दुखणंही वर्गात आहे. दुसऱ्या रकान्यात, म्हणजे सोडायच्या विषयात, सगळ्यांत जास्त वेळा गणित आहे. मी गणित शिकवते म्हणून मला लागलं असं समजू नका. गणित सोडून उत्तम आयुष्य काढता येतं. पण सोडताना आपण काय काय सोडतोय, हे तुमच्यापैकी चार जणांनाही माहीत नाही.

दुसऱ्या बाकावरची तू, उभी राहा. तू लिहिलंयस, "एनडीएला जायचं, एअर फोर्स," आणि शेजारी लिहिलंयस, "आर्ट्स घेणार, मॅथ्स सोडणार." हे दोन्ही एका कागदावर लिहिताना तुझा हात कसा अडखळला नाही गं? हवाई दल आणि नौदलासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स लागतं. भूदलासाठी कुठलीही शाखा चालते, हे खरं. पण लेखी परीक्षा 900 गुणांची आहे आणि त्यातला 300 गुणांचा अख्खा पेपर गणिताचा आहे. तो भूदलवाल्यांनाही सुटत नाही. तू रोज पहाटे मैदानावर धावतेस, मी पाहते तुला. एवढी मेहनत करणाऱ्या मुलीने यूपीएससीच्या साइटवरचं एक परिपत्रक वाचू नये? बस खाली. संध्याकाळी ते डाउनलोड कर आणि पात्रतेचा परिच्छेद वहीत उतरवून आण.

कॉमर्सवाले, आता तुमची पाळी. मॅथ्स की एसपी असा पर्याय आला की एसपीवर खूण करून मोकळे. एसपी, म्हणजे सेक्रेटरिअल प्रॅक्टिस, वाईट विषय नाही. शेअर, डिबेंचर, भागधारकांशी होणारा पत्रव्यवहार हे सगळं त्यात आहे आणि कंपनी सेक्रेटरी व्हायचं असेल तर ते वाचलेलं उपयोगी पडतं. पण तुमच्या कागदावर लिहिलंय "सीए". सीए फाउंडेशनचे चार पेपर. त्यातला एक क्वांटिटेटिव्ह ॲप्टिट्यूड, 100 गुणांचा. त्यात 40 गुणांचं बिझनेस मॅथ्स, 40 गुणांचं स्टॅटिस्टिक्स आणि 20 गुणांचं लॉजिकल रीझनिंग. उत्तर चुकलं की पाव गुण कापतात. बारावीला गणित नसलं तरी फॉर्म भरता येतो, कुणी हाकलून देत नाही. फक्त जे कॉलेजात दोन वर्षांत सावकाश शिकता आलं असतं, ते क्लासवाल्याला पैसे मोजून चार महिन्यांत घोटावं लागतं. ज्यांना अर्थशास्त्राची खरीच गोडी आहे त्यांनीही ऐका. दिल्ली विद्यापीठात इकॉनॉमिक्स ऑनर्सला जायचं तर सीयूईटी या प्रवेशपरीक्षेत गणिताचा पेपर द्यावा लागतो. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत तर गणिताशिवाय पाऊलच टाकता येत नाही. वर्गात कुणालाच इतक्या लांब जायचं नसेल, असं मी का धरून चालू?

बायोलॉजीचंही तेच. इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स हा द्विलक्षी विषय 200 गुणांचा, गुण भरपूर पडतात असं कुणीतरी सांगितलं, की घेतला. त्याच्या बदल्यात दुसरी भाषा जाते आणि एक ऐच्छिक विषय जातो. बहुतेक मुलं बायोलॉजीवर फुली मारतात. मग बारावीच्या मध्यावर कुणाला नर्सिंग आठवतं, कुणाला फिजिओथेरपी, कुणाला आयुर्वेद. बी.एस्सी. नर्सिंगला बायोलॉजी लागतं. मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला, म्हणजे नीटला, लागतं. बारावीनंतर बायोलॉजी जादा विषय म्हणून देऊन नीटला बसण्याची मुभा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2023 मध्ये दिली आहे, म्हणजे दार कायमचं बंद होत नाही. पण त्यासाठी आयसोलेटेडचा, म्हणजे त्या एकाच विषयाचा, फॉर्म भरून पुन्हा बोर्डाला बसायचं, प्रयोगवही करायची, आणि बरोबरीची पोरं कॉलेजच्या पहिल्या वर्षात असताना आपण बारावीच्या पुस्तकात मान घालायची. अकरावीला अर्धा तास विचार केला नाही, त्याची ही किंमत.

यावर लगेच हुशार मंडळींचं उत्तर तयार असतं. "बाई, आम्ही गणित-बायोलॉजी दोन्ही, पीसीएमबी घेतो, दोन्ही दारं उघडी." घ्या. पण दोन्ही डगरींवर हात ठेवून दोन वर्षं लोंबकळायची ताकद आहे का, ते आधी बघा. सीईटीला पीसीएम आणि पीसीबी असे दोन वेगळे गट आहेत. नीटमध्ये चूक झाली की गुण कापतात, सीईटीत कापत नाहीत, म्हणजे पेपर सोडवायची पद्धतसुद्धा निराळी. ज्याला दोन्ही विषय मनापासून आवडतात आणि दोन्हींचा अभ्यास पेलतो त्याने चारही खुशाल घ्यावेत. पण "ठरवायचं नाही म्हणून चारही" असं असेल तर एक ना धड भाराभर चिंध्या होतात. न ठरवणं हीसुद्धा निवडच असते, आणि दोन वर्षं पोटात भीती घेऊन ती निभवावी लागते. खरंच मन ठरत नसेल त्यांना एवढंच सांगते की बी.फार्म. आणि बी.एस्सी. ॲग्री या दोन्हींना गणिताच्या गटातूनही जाता येतं आणि बायोलॉजीच्या गटातूनही. राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी चार कृषी विद्यापीठं आपल्या राज्यात आहेत. तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी शेती आहे, आणि एकाच्याही कागदावर कृषी नाही! आश्चर्य वाटलं मला.

आता आर्ट्स. आर्ट्स लिहिणाऱ्या बहुतेकांनी कारण दिलंय, "कमी टक्के पडतील म्हणून." आणि ज्या दोन मुलींना खरोखर इतिहास आणि मानसशास्त्र शिकायचंय त्यांनी कागदावर सायन्स लिहिलंय, कारण काय, तर "लोक काय म्हणतील." म्हणजे जिला जायचंय ती जात नाही, आणि ज्याला जायचं नाही तो उकिरड्यावर फेकल्यासारखा तिथे जाऊन पडतो. त्या शाखेचा असा अपमान या वर्गात मी खपवून घेणार नाही. भूगोल, राज्यशास्त्र, तर्कशास्त्र, समाजशास्त्र हे डोकं लावून शिकायचे विषय आहेत. मानसशास्त्र म्हणजे समोरच्याचं रडगाणं ऐकून घेणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी नीट ऐका. पुढे पदवीला त्यात स्टॅटिस्टिक्स आहे, प्रयोग आहेत, आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. कायद्याचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम बारावीच्या कुठल्याही शाखेतून करता येतो. आयआयटीत डिझाइन शिकण्यासाठीची यूसीड ही परीक्षा कुठल्याही शाखेची मुलं देतात, आणि ती आयआयटी मुंबईच घेते. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना "ए" ग्रेड मिळवून ते जादा गुण फक्त टक्क्यांत मिळवायचे आणि चित्रकला कायमची गुंडाळून ठेवायची, हे मी दर वर्षी पाहते. त्या पोरांच्या हातातली कला कुठे जाते, कुणी विचारत नाही.

मागच्या पालकसभेत एका पालकांनी मला अडवलं होतं. म्हणाले, "बाई, चिंतामणराव देशमुख वनस्पतिशास्त्र शिकले आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. मग विषयाचा एवढा बाऊ कशाला?" प्रश्न चांगला होता, म्हणून त्याचं उत्तर सगळ्यांपुढे देते. देशमुख 1912 साली मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकले, तिथेही वरच्या रांगेत. हाती घेतलेल्या प्रत्येक विषयाच्या मुळाशी ते गेले, म्हणून पुढे अर्थखातंही त्यांना पेललं. त्यांचं नाव घेऊन "काहीही घेतलं तरी चालतं" असं म्हणायचं असेल, तर आधी त्यांच्यासारखा एक तरी विषय तळापर्यंत शिकून दाखवा. आणि आज प्रत्येक अभ्यासक्रमाच्या दारावर पात्रतेचा कागद लावलेला आहे. तो कुणाचंही मोठं नाव ऐकून बदलत नाही.

जाता जाता एक. मराठी सोडून आयटी घेणाऱ्यांनी "ऑनलाइन पेपर, पैकीच्या पैकी" असं कारण दिलं आहे. कॉम्प्युटरमध्ये पुढे काही करायचं असेल तर आयटी जरूर घ्या. फक्त गुणांसाठी आपली भाषा सोळाव्या वर्षी सोडणार असाल, तर ते मला पटलेलं नाही, आणि हे मी तुमच्या तोंडावर सांगते.

पालक मागे उभे आहेत. तुम्ही पुढे या. तुमच्याशी मी जास्त कडक बोलणार आहे, कारण पोरं पंधरा वर्षांची आहेत आणि तुम्ही नाही.

या वर्गात एक मुलगा आहे. त्याच्या वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. मी एकदा आमच्या विहिरीवरची जळालेली मोटर घेऊन गेले होते, तेव्हा तो दुकानात होता. जुनं वाइंडिंग त्याने कापून काढलं, स्लॉट घासून साफ केले, इन्सुलेशनचा कागद मापाने कापून आत सरकवला, आणि तांब्याच्या तारेचे फेरे मोजत भरायला बसला. मध्ये गिऱ्हाईक आलं, फोन वाजला, तरी त्याची मोजणी चुकली नाही. व्हार्निश लावायच्या आधी मीटर लावून त्याने प्रत्येक कॉइल तपासली. माझ्या वर्गात ज्याला दोन ओळींची रीत सुटसुटीत लिहिता येत नाही, तोच हा मुलगा. त्याच्या कागदावर वडिलांच्या अक्षरात लिहिलंय, "सायन्स, नीट, लातूर."

दादा, तुम्हाला राग आला तरी चालेल. मुलगा तुमच्यासमोर वर्षानुवर्षं आपली आवड हातांनी दाखवतोय आणि तुम्ही दुसरीकडे बघताय. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड दोन वर्षांचा. तो झाला की पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या पदवीला पुन्हा थेट दुसऱ्या वर्षात. किंवा दहावीनंतर सरळ पॉलिटेक्निक. म्हणजे "इंजिनिअर" ही पाटी तुम्हाला दारावर हवीच असेल, तर तीही या वाटेने लागते, आणि वाटेत प्रत्येक टप्प्यावर पोराच्या हाताला काम असतं. तुम्ही आयुष्यभर ग्रीसचे हात घेऊन जगलात, मुलाच्या वाट्याला ते नकोत असं तुम्हाला वाटतं. मला कळतं ते. पण तुमच्या त्या हातांची लाज तुम्ही मुलाच्या डोक्यात घालताय, आणि तो ती घेऊन लातूरच्या एखाद्या खोलीत दोन वर्षं बेडकाचं हृदय पाठ करत बसणार आहे. लातुरात चांगलं शिकवतात, मी नाही म्हणत नाही. ज्याला डॉक्टर व्हायचंय त्याला तिथे पाठवा.

आणि त्या "इंटिग्रेटेड"चंही बोलून घेते. नाव एका कॉलेजात, पोर दिवसभर क्लासमध्ये, प्रयोगशाळेचं तोंड प्रॅक्टिकलच्या परीक्षेलाच बघायचं. 2018 साली सरकारला विज्ञान शाखेच्या मुलांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला, तो याच धंद्यामुळे. तुम्ही लाखो रुपये भरता आणि विषय शिकण्याची जागाच पोराच्या आयुष्यातून काढून घेता. पैसे भरले म्हणजे आपलं कर्तव्य संपलं, असं समजू नका. रोज रात्री जेवताना पोराला "आज काय शिकलास" एवढं विचारायला पैसे पडत नाहीत.

आता सगळ्यांनी ऐका, हे कामाचं आहे. अकरावी प्रवेशाच्या ऑनलाइन फॉर्मच्या दुसऱ्या भागात तुम्ही कॉलेजांचा पसंतीक्रम भरणार. पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून तुमचं नाव बाहेर जातं. आणि फॉर्मवर तुम्ही शाखा निवडता, विषय नाही. विषय कॉलेजात गेल्यावर मिळतात, आणि सगळ्या कॉलेजांत सगळे विषय नसतात. आर्ट्सला मानसशास्त्र कुठे असतं, कुठे नसतं. कॉमर्सला गणिताची तुकडीच नाही, अशीही कॉलेजं आहेत. तेव्हा मोठं नाव आहे म्हणून डोळे झाकून पहिला क्रमांक देऊ नका. यादीतल्या प्रत्येक कॉलेजच्या कार्यालयात आई किंवा वडिलांना घेऊन स्वतः जा, खिडकीवर विचारा की माझा विषय तुमच्याकडे आहे का, त्याला शिक्षक आहेत का आणि त्या तुकडीत जागा किती. ते कळल्यावरच क्रमांक लिहा.